पिठाच्या बोटांचा फोन

गावच्या पतसंस्थेचे चेअरमन रावसाहेब चौगुले यांच्या शब्दाला आडवं जायची कुणाची टाप नव्हती. संस्थेनं पापड करणाऱ्या बचत गटाला ऑर्डरी घ्यायला फोन द्यायचं ठरवलं, तसे रावसाहेब स्वतःच पापडाच्या शेडमध्ये आले.

"असला घ्यायचा!" आपल्या चकचकीत फोनवर बोट फिरवत ते म्हणाले. "लोण्यावरून सरकल्यागत सरकतंय बघा."

गटाच्या अध्यक्षा आक्काताईंना आपल्याकडं होता तसला साधा, बटणांचा फोन हवा होता. रावसाहेबांनी त्यावरही बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "अडखळतोय की हा!"

"असंल," आक्काताई म्हणाल्या. "पण रावसाहेब, आलाच आहात तर एक पापड लाटून जावा."

बायका हसल्या. आता माघार कशी घ्यायची? रावसाहेबांनी बाह्या सारल्या, बोटं तेला-पिठात बरबटली आणि कसाबसा एक वाकडातिकडा पापड झाला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते बोटानं काच घासत राहिले, फोन काही उचलला जाईना. शेवटी वाजून वाजून गप्प झाला.

"कुणाचा होता कोण जाणे!" ते वैतागले.

"माझाच," आक्काताई म्हणाल्या. त्यांच्या पिठानं माखलेल्या हातात तो अडखळणारा फोन होता. "तुमचा फोन झ्याक आहे, रावसाहेब. पण त्याला बिनकामाची बोटं लागतात. तसली आमच्या गटात एकीचीही नाहीत बघा."

रावसाहेब आपल्या पापडाकडं बघून खो खो हसले आणि हात धुवायला पाणी मागू लागले.