भोवऱ्या कामावर जातो

ऐका. आणि दिन्या, तू आधी पाय आवर. उशीला लाथा मारल्या म्हणून गोष्ट लवकर सुरू होत नसते.

तर एकदा काय झालं, दर्याच्या काठावर एक कोळीवाडा होता. मोजून अकरा घरं. आणि अकरा घरांत मिळून एकच मोठं जाळं. डोल म्हणायचे तिला. केवढी होती डोल? आपलं हे अख्खं घर तिच्यात मावलं असतं, माळ्यासकट. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवायच्या आणि घरात बसून डोलीची भोकं सांधायची. मग नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा आणि डोल घेऊन पाण्यात जायचं. डोल धड, तर अकरा घरांच्या चुली धड. एवढं लक्षात ठेवा, बरं का.

त्या वर्षी डोल सांधायची पाळी होती चांगुणेची. चांगुणा म्हणजे बाळकू नाखव्याची बायको. नाखव्याची स्वतःची होडी होती आणि गावात त्याच्या शब्दाला मान होता. घरात ही दोघंच. मूलबाळ नाही. नाखवा तसा मायाळू, पण दिवसभर होडीची डागडुजी करायला वाळूवर. मग चांगुणा आपली एकटी मांडवात बसून गाठी मारायची आणि स्वतःशीच बोलायची.

मग एके दिवशी ती पाण्यात पाय घालून उभी असताना एक लाट आली. लाटेवर एक पाटी. पाटीत एक कुत्र्याचं पिल्लू. भिजून चिंब, मुठीएवढं, कुडकुडणारं. लाटेनं पाटी अलगद चांगुणेच्या पायाशी ठेवली आणि तिथेच थांबून राहिली. लाट कधी थांबते का? तेव्हा थांबली. चांगुणेनं पिल्लू उचलून पदरात घेतलं, मगच लाट माघारी गेली.

पिल्लू गोल गोल फिरायचं म्हणून त्याचं नाव ठेवलं भोवऱ्या. चार दिवसांत ते चांगुणेचा जीव की प्राण झालं. ती चुलीपाशी गेली की हे चुलीपाशी. ती विहिरीवर गेली की हे विहिरीवर. आणि ती डोल सांधायला बसली, की हे... काय करत असेल, सांगा बघू?

डोल तोंडात धरायचं आणि ओढायचं!

"अरे मेल्या, सोड!" चांगुणा ओरडायची. सोडतोय कशाला! मग ती काय करायची, तर मासळीवाल्यांचं घर ते, हात वर केला की सुक्या बोंबलांची माळ. एक बोंबील तोडायचा आणि लांब दाराकडे भिरकावायचा. "हा घे, जा तिकडे!" की भोवऱ्या डोल टाकून बोंबलामागे पसार. चांगुणेला वाटलं, काय छान युक्ती सापडली. तिनं शेजारच्या जेठीबायला सांगितली. जेठीबायनं सगळ्या वाड्याला सांगितली. मग काय, भोवऱ्यानं कुणाचंही जाळं धरलं, दोर धरला, लुगड्याचा काठ धरला, की आलाच बोंबील.

हसतोस काय दिन्या? तुला कळलं वाटतं. पण त्या अकरा घरांत एकालाही कळलं नव्हतं.

मग एक दिवस भोवऱ्यानं डोलीला भोक पाडलं. माणूस आत शिरेल एवढं.

चांगुणेनं भोवऱ्याला खांबाला बांधलं. चुलीवरचं कालवण उतरवून येते तो खांब आहे, दोर नाही. दोर चावून तुकडे करून ठेवलेले.

मग तिनं मिरची वाटली आणि डोलीच्या कडेला फासली. भोवऱ्यानं नुसता वास घेतला, शिंकला आणि दुसरी कड धरली. संध्याकाळी नाखव्यानं डोल उचलून ठेवली आणि तोच हात डोळ्यांना लावला. मग काय तांडव झालं ते विचारू नका. रांजणभर पाणी संपलं.

मग शेवटी चांगुणेनं काठी घेतली. तिच्या मनात नव्हतं, पण घेतली. दोन फटके दिले. भोवऱ्या केकाटला आणि उलट्या होडीखाली जाऊन बसला. बाहेरच येईना. चांगुणेला त्या दिवशी घास गिळवेना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर डोलीला दुसरं भोक. पहिल्याच्या दुप्पट!

आता मात्र गाव जमलं. पाटील म्हणाले, "नाखव्या, पुनव पाच दिवसांवर आली. डोल गेली तर खायचं काय?" नाखव्यानं मान खाली घातली. मग त्यानं दर्याचं पाणी ओंजळीत घेऊन शब्द दिला, "आता एक गाठ जरी तुटली, तरी मी स्वतः त्याला खडपाच्या बेटावर सोडून येईन." खडपाचं बेट म्हणजे नुसता खडक. झाड नाही, माणूस नाही, प्यायला पाणी नाही. आणि दर्याचं पाणी हातात घेऊन दिलेला शब्द कोळी मोडत नाही.

चांगुणा उठली. भोवऱ्याला कडेवर घेतलं, दर्यावर गेली आणि वाळूत बसून हमसून हमसून रडली.

दुपारची भरती चढत होती. पाण्याबरोबर एक म्हातारी चालत वर आली. लुगडं ओलं, अंबाड्यात शिंपले खोवलेले. ही भरतीबाय. पाण्याबरोबर यायची, पाण्याबरोबर जायची, आणि काठावरच्या कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळं तिला ठाऊक.

"काय गं पोरी, खारं पाणी माझ्याकडे कमी आहे का, म्हणून तू आणखी घालतेस?"

चांगुणेनं सगळं सांगितलं. "काय करू हो बाय? का करतो हा असं?"

"मला कशाला विचारतेस? त्याला विचार की." भरतीबायनं बोट पाण्यात बुडवलं आणि भोवऱ्याच्या जिभेला लावलं. "ओहोटी लागेपर्यंत बोलेल. मग त्याचं बोलणं मी घेऊन जाईन."

भोवऱ्यानं जीभ चाटली आणि म्हणाला, "आये, आज मला कामावरून का उठवलंस?"

चांगुणा दचकलीच. "कसलं काम रे?"

"जाळं ओढायचं! रोज करतो की मी. मी ओढलं की तू मोठ्यानं हाक मारतेस, मग बोंबील देतेस. जेठीबायपण देते. सगळेच देतात."

"अरे, पण गप्प बसावं की नाही माणसानं?"

"बसलो होतो की. पहिले पहिले दिवस मी दाराशी बसायचो, शेपूट आवळून. दुपारभर बसायचो. कुणी बघितलंसुद्धा नाही, आये."

चांगुणेनं हळूच विचारलं, "आणि परवा मी मारलं तेव्हा?"

भोवऱ्यानं कान पाडले. "मला वाटलं, माझं काम कमी पडलं. म्हणून मग दुसऱ्या दिवशी जास्त फाडलं."

चांगुणेला हसावं की रडावं कळेना. तिनं त्याला छातीशी धरलं.

"आये," तो म्हणाला, "तुला माझ्याकडून काय हवंय, ते एकदा सांग ना. म्हणजे मी तेच करेन."

चांगुणा सांगायला तोंड उघडते तोच पाणी मागे सरकलं. भरतीबाय दिसेनाशी झाली. चांगुणेनं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. पण भोवऱ्या आपला मान वाकडी करून म्हणतोय, "भू?"

झालं! बोलून सांगायची वेळ गेली. आता करूनच दाखवायचं.

मग चांगुणेनं डोल आत ठेवून दाराला कडी लावली आणि अंगणात एक जुनं फाटकं जाळं पसरलं. भोवऱ्या आला आणि लागला कामाला. चांगुणा ओरडली नाही. उठली, त्याच्याकडे पाठ केली आणि उभी राहिली. भोवऱ्यानं आणखी जोरात ओढलं. पाठ. गुरगुरला. पाठ. तिचा जीव नुसता कासावीस होत होता, पण वळली नाही. शेवटी बिचारा दमला, जाळं सोडलं आणि तिच्या मागे येऊन बसला. बसला रे बसला, की चांगुणा गर्रकन वळली. "शहाणं गं माझं बाळ!" आणि बोंबील.

भोवऱ्या बोंबलाकडे बघतच राहिला. बसल्याचा बोंबील त्याला आजवर कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो लवकर बसला. मग चांगुणा निघाली घरोघर. "जाळं धरलं तर पाठ करा. गप्प बसला तर द्या. एवढंच करा माझ्यासाठी." बायका हो हो म्हणाल्या. पण पिल्लू शिकवणं सोपं, वाडा शिकवणं कठीण! तिसऱ्या दिवशी भोवऱ्यानं जेठीबायच्या लुगड्याचा काठ धरला आणि जेठीबायचा हात गेला सवयीनं माळेकडे. दिला की बोंबील! मग काय विचारता, संध्याकाळपर्यंत त्यानं चार घरांतली चार लुगडी फाडली. दोन दिवसांचं सगळं पाण्यात.

चांगुणा रागानं लाल झाली. जेठीबाय तोंडाला पदर लावून म्हणाली, "काय करू गं, माझा हात माझं ऐकतच नाही." मग चांगुणेचा राग विरघळला. तिचं तरी काय वेगळं होतं? ती जेठीबायजवळ बसली आणि दोघींनी मिळून पाठ फिरवायचा सराव केला. भोवऱ्यानं काठ धरला की जेठीबायनं दोन्ही हात काखेत घालायचे आणि वळायचं. वीसदा केलं. जेठीबाय हसून हसून दमली, पण शिकली.

रात्री जागून चांगुणेनं डोलीची दोन्ही भोकंही सांधली. मग पुनवेचा आदला दिवस आला. डोल वाळूवर पसरायची, पाटील येऊन बघणार, सगळं गाव बघणार. तशी रीतच होती. डोल पसरली. नाखवा छोट्या होडीपाशी उभा राहिला. शब्द दिला होता ना. होडीचा दोर हातात, पण बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं.

आणि भोवऱ्या आला पळत पळत. एवढं मोठं जाळं! कडेचा एक धागा वाऱ्यावर हलत होता. भोवऱ्या थांबला. पुढे झाला. आणि त्यानं धागा तोंडात धरला.

एक ओढ, एक गाठ, की संपलं. चांगुणेला ओरडावंसं वाटलं. धावावंसं वाटलं. पण तिनं डोळे मिटले आणि पाठ फिरवली.

जेठीबायनं हात काखेत घातले आणि पाठ फिरवली. मग तिच्या शेजारणीनं. मग पोरांनी. मग सगळ्या वाड्यानं. पाटलांना काही कळेना, पण सगळे वळले म्हणून तेही वळले! आणि सगळ्यात शेवटी दोर हातात धरलेला बाळकू नाखवाही वळला.

भोवऱ्यानं इकडे बघितलं, पाठ. तिकडे बघितलं, पाठ. सगळा वाडा पाठमोरा. वाळूवर इतकं शांत झालं, की खेकडा चाललेला ऐकू यावा.

मग चांगुणेच्या टाचेला काहीतरी गार लागलं. नाक. तिनं डोळे उघडून वळून बघितलं. भोवऱ्या तिच्यापाशी बसला होता, शेपूट आवळून, ताठ. आणि डोलीचा धागा जसाच्या तसा.

"बसला गं बाई! बसला!" चांगुणा ओरडली. सगळा वाडा गर्रकन वळला. मग जो काय बोंबलांचा पाऊस पडला म्हणता! पिल्लू दिसेना, नुसती हलणारी शेपटी दिसत होती. नाखव्यानं हातातला दोर टाकला, वाळूत गुडघे टेकले आणि पिल्लाला पोटाशी घेतलं. एवढा मोठा नाखवा, पण डोळे पुसायला लागला. आणि या खेपेला हाताला मिरची नव्हती, बरं का.

दुसऱ्या दिवशी नारळ पाण्यात गेला. होड्या निघाल्या. पहिल्या होडीत नाखवा, डोल, आणि डोलीशेजारी बसलेला भोवऱ्या. त्या वर्षी डोल भरून मासळी आली. अकरा घरं पोटभर जेवली. आणि चांगुणा? ती पुढे रोज, हातातलं काम कितीही असो, मध्येच मान वर करून बघायची, की भोवऱ्या गप्प बसलाय का. बसलेला असला की म्हणायची, "दिसतोस हो मला. शहाणं बाळ." कधी बोंबील असायचा, कधी नसायचा. पण ती बघायची. सगळे सुखात राहिले.

चला, डोळे मिटा आता. दिन्या, पुरे झाली चुळबुळ, मी काही तुझ्याकडे बघणार नाहीये.

आणि भिंतीकडची शकू. गोष्ट सुरू झाल्यापासून एक शब्द न बोलता, हात पांघरुणात घेऊन पडलीय माझी बाय. मी आपली सारखी त्या दिन्यालाच हाका मारत बसले. चुकलंच माझं. ये इकडे, माझ्या कुशीत ये. दिसतेस हो मला तू. झोप आता.