मागचं धाकटं चाक

अवजारं आपापसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी रंगनाथ मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं.

एका सकाळी तिथे एक जुनी डोंगरी सायकल आली. मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे ती सीट-हँडलवर टेकवून उलटी केली, आणि सगळी अवजारं फिदीफिदी हसली. पुढचं चाक मोठं, मागचं लहान!

"कुणीतरी भलतंच चाक बसवलंय हिला," पाना म्हणाला. तीस वर्षांत त्याची पारख कधी चुकली नव्हती.

"अहो, मी जन्मापासून हिच्यासोबत आहे," मागचं चाक कळवळलं.

कोण ऐकतो! मिस्त्रींनी मोठं चाक आणलं, पान्यानं नट ढिले केले. पण नवं चाक काही केल्या आत जाईना, फ्रेमलाच अडकलं. पाना चपापला.

मिस्त्रींनी जुनंच चाक परत बसवलं, सायकल सरळ केली, पाना खिशात टाकला आणि चालवून बघायला तिच्यावर बसून थेट घाट धरला.

आणि काय सांगावं! ज्या चढावर भलेभले उतरून सायकल ढकलत, तिथे ते धाकटं चाक मातीला घट्ट धरून भराभरा चढलं. पुढचं मोठं चाक दगडांवरून टणाटण उड्या मारत होतं.

"हाण! अजून हाण!" पाना खिशातून ओरडला. "अरे, तुला चढासाठीच घडवलंय!"

"मला विचारलंत कुठे?" चाक हसलं.

तेव्हापासून दुकानात अनोळखी सायकल उलटी झाली, की अवजारं पान्याकडे बघतात. पाना एवढंच म्हणतो, "आधी सरळ करा तिला. मग घाटात चला."