रडूबाईचा पत्ता

"म्हणजे नुसत्या चॅटवरून तू माणूस ओळखतेस?" भंतेंनी विचारलं.

"नेमका ओळखते." उत्पला मानसशास्त्रात एम.ए. झालेली, विद्यापीठात पहिली. टेकडीवरच्या विहारात ती भोजनदान घेऊन आली होती. पण खरं तर या म्हाताऱ्या भिक्खूला चार गोष्टी शिकवायला. "वाचून उत्तर न देणारा घमेंडी. पाठवून पुसणारा भित्रा. रोज सकाळी फुलांचे फोटो धाडणारे… तुमच्या वयाचे रिकामटेकडे."

भंते हसले.

त्यांच्या पात्रात वरणभात वाढलेला होता. बारा वाजत आले होते. बारानंतर त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न वर्ज्य.

उत्पलाचा मोबाइल थरथरला. पुन्हा थरथरला.

"कोण गं?"

"रडूबाई." स्क्रीनवर नावही तेच होतं. "वसतिगृहात शेजारच्या खोलीत असायची. हिचा स्वभाव तर कुणीही सांगेल. एक वाक्य पाच तुकड्यांत पाठवते. सारखं लक्ष हवं. उत्तर दिलं की चेकाळते."

"मग?"

"मी देतच नाही. महिना होत आला. उघडतसुद्धा नाही."

"आज उघड. काय म्हणते?"

उत्पलाने कंटाळून वाचलं. "'आहेस का'… 'बोल ना'… 'एकदाच'… 'बरं'… 'राहू दे'."

मोबाइल गप्प झाला.

"बघा, दमली! संध्याकाळी पुन्हा सुरू."

भंतेंनी हातातला घास पात्रात परत ठेवला. वर झाकण घातलं.

"अहो, जेवा ना! बारा वाजतील."

"कुठे आहे, विचार तिला."

तिने लिहिलं. एकच टिक उमटली. दुसरी येईना.

"फोन बंद केला. रुसणाऱ्यांची ही सवयच…" बोलता बोलता तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

भंते उठले. अंगावरचं चीवर सावरलं. पायांत चपला सरकवल्या.

"राहते कुठे?"

"वसतिगृह सोडलं तिने… नवीन खोली… मला ये म्हणाली होती. पत्ता इथेच, वर कुठेतरी…"

न वाचलेले महिन्याभराचे निरोप तिच्या अंगठ्याखालून सरकू लागले.

"भंते, ती तसं काही करणार नाही हो. तिचा स्वभावच…"

भंते निम्म्या पायऱ्या उतरले होते.

"स्वभाव राहू दे. पत्ता वाच."