तीन शिक्क्यांचा पूल

एका राज्यात एक पूल होता, पण तो नदीच्या तळाशी! बांधून झाला त्याच दिवशी, वर नाव कुणाचे कोरायचे यावरून राजा आणि सुभेदार हमरीतुमरीवर आले. पूल उभारणारा जादूगार संतापला. "राजा, सुभेदार आणि गाव, तिघांचे शिक्के एका कागदावर उठेपर्यंत पूल पाण्याखाली राहील. शिक्क्याची रीत मोडील त्याचा हात दगड होईल," असे म्हणून तो वारा होऊन निघून गेला.

रीत तरी कसली म्हणावी! हुद्द्याने धाकट्याने थोरल्याआधी शिक्का उठवायचा नाही, आणि थोरल्याने धाकट्याचा पाहिल्याखेरीज उठवायचा नाही. झाले! बारा वर्षे कागद कोराच राहिला.

काठावर पळसवाडी. तिथली पाटलीण कोंडाबाई. सुईण पैलतीरी, आणि पाण्यात नाव घातली की भोवरा ती गिळायचा. त्यापायी बाईची थोरली लेक बाळंतपणात गेली होती. आता धाकट्या सुंद्राचे दिवस भरत आले होते.

कोंडाबाई शिक्का मागायला सुभेदाराच्या गडावर गेली. सुभेदार म्हणाला, "वरून आज्ञा नाही."

ती राजवाड्यात गेली. राजा म्हणाला, "खालून शिक्का नाही."

ती घरी परतली. आढ्यावर बसलेला भारद्वाज पक्षी म्हणाला, "बाई, गावचा शिक्का कुठे आहे?"

अगं बाई! तो नांगराचा शिक्का धान्याच्या कणगीत पडला होता. गावाने नुसते हात जोडायचे, असेच सारे समजून बसले होते. कोंडाबाईने तो पुसला आणि सर्वांआधी एका कोऱ्या कागदावर उठवला. तिचा उजवा हात कोपरापर्यंत दगड झाला. काय म्हणावे त्या बाईच्या छातीला! डाव्या हातात कागद धरून ती पुन्हा गड चढली.

"सरकार, धाकट्याने केले. आता तुम्ही?"

सुभेदाराने तो हात पाहिला आणि मान खाली घातली. राजाची वाट न पाहता त्यानेही शिक्का उठवला. त्याचा पंजा दगड झाला. दोघे एकाच घोड्यावरून राजवाड्यात पोचले.

दोन दगडी हात पाहून राजा सिंहासनावरून उतरला. "चूक माझी," तो म्हणाला आणि त्याने शिक्का उठवला.

दगडाचे हात पुन्हा हाडामासाचे झाले. तिघे नदीवर येतात तो पूल वर आलेला, कोरडा ठणठणीत! राजाने आदराने विचारले, "पाटलीणबाई, आता यावर नाव कुणाचे कोरू?"

कोंडाबाई पैलतीराकडे बघत होती. "महाराज, बाजूला व्हा," ती म्हणाली. "आधी सुईणीला येऊ द्या."