झिलूची फुकेतची सोयरीक

वेंगुर्ल्याकडच्या एका गावात झिलू नावाचा एक भोळा तरुण राहायचा. सांगितलेलं अक्षर न अक्षर ऐकायचा, एवढाच काय तो त्याचा दोष. त्यापायी त्याचं लग्न बऱ्याच ठिकाणी जमता जमता मोडलं होतं.

मग थेट थायलंडमधल्या फुकेत शहरातून स्थळ आलं. सदानंद कुबल मूळचे मालवणचे, पण फुकेतला त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. त्यांना घरजावई हवा होता. तिकीट त्यांनीच पाठवलं. विमानतळावर झिलूने त्यांच्या मुलीला, नीलाक्षीला पाहिलं आणि गडी तिथेच विरघळला. हे लग्न मोडलं तर आपण जगून करायचं काय, असं त्याला मनापासून वाटलं.

दुकान बंद करून कुबल दोघांना मासे खायला घेऊन गेले तेव्हा रात्र बरीच झाली होती. वर पत्र्याचं छप्पर, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, बर्फावर मांडलेली मासळी. बसता बसता नीलाक्षी हळूच म्हणाली, "बाबांचो राग वायट. मी सांगतंय तसा करा, म्हणजे जमतला."

झिलूने मान डोलावली.

आधी आला अख्खा मासा, जाड मिठात थापून निखाऱ्यावर भाजलेला. झिलूने मिठाचाच लचका तोडला. डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, मीठ नाय खावचा! वरचा सोलून टाकूचा, आतला खावचा," नीलाक्षी म्हणाली.

"अस्सा काय!" झिलू म्हणाला.

मग आले कोळंबीचे कुरकुरीत वडे. झिलूने एकेक वडा हातात घेतला आणि वरचं कुरकुरीत आवरण सोलून बशीखाली टाकलं. कुबलांच्या वाट्याचेही सोलून दिले.

"अहो, ह्या सोलूचा नाय! असाच अख्खा तोंडात घालूचा."

"अस्सा काय!"

मग आली कुर्ली, चांगली पंजाएवढी खेकडी. झिलूने तिचा डेंगा, म्हणजे नांगी, अख्खा तोंडात घातला. दातांचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला.

"थुका, थुका! कडक लागला की आधी हातोडी मारूची, मगे आतला खावचा," म्हणत नीलाक्षीने लाकडी हातोडी त्याच्या हातात दिली.

"अस्सा काय!"

मग आलं मातीच्या मडक्यात उकळतं सार. झिलूने मडक्यावर बोट वाजवून पाहिलं. कडक होतं. त्याने हातोडी उचलली.

सार गेलं ते थेट कुबलांच्या नव्या पॅन्टवर.

"नीला!" कुबल ओरडले. "ह्यो माणूस आसा काय हातोडी?"

आवाज ऐकून हॉटेलची मालकीण स्वतः फडकं घेऊन आली. पांढऱ्या केसांची, बुटकी, हसरी आजीबाई. तिने टेबल पुसलं, झिलूच्या पाठीवर थोपटलं आणि लिंबाच्या रसातल्या माकलांची, म्हणजे स्क्विडची, बशी आपल्यातर्फे आणून ठेवली. झिलू केव्हाचा उपाशी होता. त्याने ती सगळीच आपल्या ताटात ओतली.

नीलाक्षी आता पोट धरून हसत होती. "अहो, हयसर काय इला की आधी वयान सगळ्यात मोठो कोण ता बघूचा. पयला तेका. बाकीच्यांका मगे."

"अस्सा काय!" झिलूने मुकाट्याने माकलं उचलून कुबलांच्या ताटात वाढली.

कुबल जरा निवळले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. आई गेल्यापासून पोर एवढी कधी हसली नव्हती. बापाचा जीव भरून आला. त्यांनी खिशातून एक डबी काढून झिलूसमोर ठेवली. आत सोन्याची अंगठी होती.

"आजच दुपारी घेतलंय. घाला, झिलूराव. आमचो होकार."

नीलाक्षीने लाजत हात पुढे केला. झिलूला आनंदाने रडू यायचंच बाकी होतं. पण आता चूक करायची नाही, असं त्याने पक्कं ठरवलं. अंगठी घेऊन तो उठला, चारी बाजूंना नीट पाहिलं, नीलाक्षीच्या हातासमोरून पुढे गेला, थेट गल्ल्यापाशी पोचला, आणि हात जोडून त्याने ती अंगठी मालकिणीच्या बोटात सरकवली.

सगळ्या हॉटेलाने टाळ्या वाजवल्या. लोकांनी फोटो काढले. कुबल धावत गेले, थाई भाषेत गयावया केली. आजीबाई ओढायला तयार होती, पण जन्मभर कुर्ल्या सोलून तिची बोटं सुजलेली. तेल झालं, साबण झाला, बर्फ झाला. अंगठी हलेना. शेवटी ती काहीतरी बोलली आणि सगळे पुन्हा हसले.

"काय म्हणतत त्या?" झिलूने विचारलं.

"मुलगो पसंत आसा, म्हणतत," नीलाक्षी कपाळाला हात लावून म्हणाली.

झिलूच्या जिवात जीव आला.

"मगे अंगठी निघाली की बाबांक घालतंय," तो म्हणाला. "तुमचो नंबर तेंच्या मागसून."