लोबानातलं ऊन

“मग त्यांना गप्प बसायला तुम्ही सांगाल ना, बाबा? सगळं गाव तुमचं ऐकतं.”

मैथिली तणतणत दर्ग्यात आली होती. जर्मनीत खगोलशास्त्र शिकून ती गावी परतली होती, ती गावाला विश्व समजावून सांगायचा ध्यास घेऊनच. रोज संध्याकाळी शाळेत तिचा वर्ग भरे.

दर्ग्याचे म्हातारे फकीर चिमणशा बाबा अंधाऱ्या ओवरीत निखारे फुंकत बसले होते.

“बोलतात तरी काय?”

“काहीही! मी गॅमा किरणांचं सांगतेय, तर रखमाआत्या विचारते, त्यात पापड वाळतात का. भुजंगमामा म्हणतात, तू गेली होतीस का तिथं बघायला? एक वाक्य धड पुरं होऊ देत नाहीत. असंच चालणार असेल तर मी वर्ग बंद करते आणि जाते परत. तिकडे माणसं शांत बसून ऐकतात तरी.”

“हं... मला सांग. मी गप्प बसतो.”

मैथिली खुलली.

“फुटलेल्या ताऱ्यांतून बारीक बारीक कण सुटतात, भयंकर वेगानं. ताऱ्यांमधल्या पोकळीत ते भटकत राहतात. तिथं अगदी विरळ वायू असतो. एखादा कण त्या वायूवर आदळला, की त्यातून गॅमा किरण...”

“आणि नाहीच आदळला तर?”

“बघा! तुम्हीसुद्धा मध्येच!”

बाबांनी जीभ चावली. “चुकलं, बेटा.”

मैथिलीला हसू आलं. “नाही आदळला तर काय... जातो तसाच पुढे. किरण नाही, काही नाही. कण तिथून गेला, हे आम्हाला कळतसुद्धा नाही.”

बाबांनी मान डोलावली. मग झरोक्याकडे बोट केलं. खाली फरशीवर उन्हाचा रुपयाएवढा ठिपका पडला होता.

“झरोक्यापासून फरशीपर्यंत ऊन आहे?”

“आहेच की.”

“दाखव.”

मैथिलीनं वर पाहिलं, खाली पाहिलं. मधे नुसता अंधार.

“असं कसं दाखवणार? मधे काही नाहीये ना...”

बाबांनी चिमूटभर लोबान निखाऱ्यांवर टाकला. भपकन धूर उठला. मैथिलीला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

तिनं डोळे पुसून पाहिलं. झरोक्यापासून फरशीपर्यंत उन्हाचा एक लखलखीत खांब उभा होता.

...

मैथिलीनं त्या धुरात हात फिरवला. “रखमाआत्याचे पापड...” ती स्वतःशीच पुटपुटली.

“पण बाबा,” ती हळूच म्हणाली, “सगळेच एकदम बोलायला लागले तर?”

बाबा खळखळून हसले.

“पुढच्या रांगेत माझी जागा धर. मला तर लई शंका आहेत.”