धुतलेले पाय

डोंगरापलीकडच्या आल्बोरा गावी, नदीकाठच्या झोपडीत तपस्वी ऑर्सोन महाराज राहत. अंगावर गोणपाट, मुखी प्रभू येशूचं नाव. त्याच गावच्या मोठ्या देवळात राजाचा धाकटा मुलगा रामीर कार्डिनल, म्हणजे सर्वांत मोठा धर्मगुरू, होऊन बसला होता. सातव्या वर्षी बापाने देवाला वाहिला, विसाव्या वर्षी डोक्यावर लाल टोपी आली. टोपी चढली तशी मानही ताठली.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कार्डिनलने बारा गरिबांचे पाय धुवायचे, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे, ही रीत. पण राजपुत्राचे हात मळू नयेत म्हणून चाकर ते पाय सकाळीच घासून, गुलाबपाणी लावून ठेवत. धुतलेलेच धुवायचे! केवढं हे सोंग, बायांनो!

त्या दिवशी महाराज एका आंधळ्या म्हातारीचा हात धरून दाराशी आले. तिच्या घोट्यापर्यंत चिखल.

"हिचेही पाय धुवा," महाराज म्हणाले.

रामीर हसला. "बुवा, हे देवाचं घर आहे, गुरांचा पाणवठा नाही. बसवा तिला बाहेर!"

म्हातारी मुकाट्याने पायरीवर बसली. सवयच होती तिला.

रामीर पहिल्या गरिबापुढे वाकला. चांदीच्या परातीत पाणी पडलं ते गढूळ! दुसऱ्याचे धुतले, काळं. बाराव्यापर्यंत परातीत गाळ साचला, आणि पाय मात्र स्वच्छ. राजपुत्राचे हात चिखलाने माखले, पुसू जाता चिखल निघेना. लोक कुजबुजू लागले.

"महाराज, ही घाण कोणाची?" रामीरने माखलेले हात पुढे केले.

"तुमच्या दारातून परत गेलेल्या पायांची. बाहेर बसलीय ती बेर्ता. तुमची आई बाळंतपणात गेली, तेव्हा हिने अंगावर पाजलं तुम्हाला. बारा वर्षं आजच्या दिवशी येते. हाकललं की जाते."

रामीर परात घेऊन पायरीकडे धावला. तिचे पाय त्याने त्या गाळातच धरले, आणि काय प्रभूची करणी! पाणी नितळ झालं, तळाची चांदी दिसली.

"बेर्तामाय, काय हवं होतं गं तुला?"

"काही नको रे बाळा. लाल टोपीत कसा दिसतोस, तेवढं बघायचं होतं." तिने त्याचं तोंड चाचपलं. "गेल्या हिवाळ्यापर्यंत दिसत होतं मला."

तिची दृष्टी परत येईल या आशेने रामीरने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी डोळे मिटून घेतले.

मग त्याने टोपी काढून तिच्या हाती दिली. म्हातारी टोपीवरून बोटं फिरवत राहिली. आणि बारा वर्षं ताठ राहिलेली ती मान तिच्या ओल्या पायांवर टेकली, ती काही केल्या उठेना.